सदतीस खापऱ्या आणि एक कान

पोत्याला बांधलेलं लेबल मी तीन महिने वाचत होते. 'रोमन अॅम्फोरा, खापऱ्या ३८, इ.स. पहिलं-दुसरं शतक.' अॅम्फोरा म्हणजे दारू, तेल वाहून न्यायची मातीची भांडी. उत्तर कोकणातल्या एका खाडीकाठी फार पूर्वी कुणीतरी वेचलेला माल. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या पोत्यावरच उभं होतं. भरुचला इटलीची दारू जास्त खपायची, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची, असं 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात आहे. ते वाक्य टाकून मी खुशीत होते.

त्या दिवशी फक्त रेखाटनं उरकायची होती. काठ एका ट्रेमध्ये, बुडं दुसऱ्यात, कान तिसऱ्यात अशी विभागणी केली आणि तिसऱ्या ट्रेकडे बघत बसले. काठ अकरा. कान एक.

अॅम्फोरा म्हणजे मुळात दोन्हीकडून उचलायचं भांडं, त्याला कान दोन. शिवाय कान जाड असतो, पोट फुटून चुरा झालं तरी तो राहतो. अकरा काठांमागे एकच कान कसा? एवढी साधी मोजणी तीन महिन्यांत मला सुचली नाही, याचा राग अजून येतो.

मग काठ नीट पाहिले. मान जवळपास नाहीच, ओठ जाड, गोल. माती पिवळट, भरड. आणि आतून काळा थर. तो मी दारू झिरपू नये म्हणून लावलेली राळ समजून नोंदवला होता, कारण भूमध्य समुद्राकडच्या अॅम्फोरांना आतून पाइनची राळ लावत. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन करून विचारलं आणि नखाएवढा कपचा काढून तापलेली सुई टेकवली.

शेजारी आमचे मदतनीस मामा ब्रशने खापऱ्या साफ करत होते. मान वर न करताच म्हणाले, "ताई, डांबर कुठं तापवताय?"

"डांबर नाही मामा, राळ असेल."

"राळेचा वास मला सांगता? वडील होड्यांच्या फटी भरायचे राळेनं, तेलात कढवून. हे रस्त्याचं डांबर."

डांबरच होतं, जमिनीतून आपोआप झिरपणारं, इराण-इराककडचं. म्हणजे हे टॉर्पेडो जार. बिनकानाचे, उंच, खाली निमुळते. आत डांबर चोपडलेले. इराणच्या सासानी राजवटीपासून इस्लामी काळाच्या सुरुवातीपर्यंत, साधारण तिसऱ्या ते नवव्या शतकापर्यंत, इराणच्या आखातातून आपल्या किनाऱ्यावर येत राहिले. भारतातल्या बऱ्याच 'रोमन अॅम्फोरा' खरं तर हेच आहेत, असं पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं होतं. तो लेख मी वाचला होता, खाली रेघाही मारल्या होत्या. पण माझ्या पोत्यावर लेबल होतं ना!

उरला तो एक कान. मातीच्या दोन वळ्या लांबीला लांबी लावून चिकटवलेल्या, तुटलेल्या तोंडाकडून पाहिलं तर आडवा आठचा आकडा. ही 'ड्रेसेल २-४' या अॅम्फोरा-प्रकाराची खूण. हाइनरिश ड्रेसेल यांनी १८९९ मध्ये अॅम्फोरांच्या आकारांचा तक्ता छापला, त्यातले हे क्रमांक अजून चालतात. मातीत काळे चमकदार कण होते, इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या काळ्या वाळूचे असतात तसे. इथे मात्र आपल्याकडच्या माणसाने जपून राहावं: ते कण ऑजाइट खनिजाचे, आणि ऑजाइट आपल्या काळ्या कातळातही भरपूर. नुसते काळे कण पाहून इटली गाठली तर उद्या आपल्या नदीकाठचा रांजणही रोमन ठरेल. पण असा दुहेरी कान आपल्या रांजणांना मी कधी पाहिलेला नाही. आकार आणि माती दोन्ही एकच सांगत होते, म्हणून तो इटलीचा, पहिल्या शतकाच्या आसपासचा. पातळ काप घेऊन तपासायला तो वेगळा काढून ठेवला.

माझ्या तक्त्यात 'रोमन'पुढचे ३८ खोडून १ लिहिलं. तिसरं प्रकरण पाच ओळींचं झालं आणि पुढच्या सातशे वर्षांचं एक नवं प्रकरण अंगावर आलं. सर फोनवर एवढंच म्हणाले, "जुनं लेबल फेकू नकोस. त्याच्याखाली नवं बांध, तारीख टाकून."

मामा सदतीस खापऱ्या परत पोत्यात भरत होते. "मग ताई, यात दारू नव्हती का?"

"असेलही. पण रोमची नाही."

"मग इराणी म्हणून लिहा की," म्हणाले, आणि सुतळीची गाठ मारली.