आईच्या नावातली 'बाई'

आईच्या नावात शेवटी 'बाई' आहे की नाही, ह्या एका गोष्टीवर तिची पेन्शन अडली आणि आमच्या घरचे आठ महिने गेले. आता सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एकच विचारायची, "आलं का गं काही?" आणि मी मोबाईलमध्ये बघून मान हलवायची.

अप्पा गेल्या पावसाळ्यात गेले, अडुसष्टाव्या वर्षी. पायदळात चोवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, सिन्नर तालुक्यातलं गाव सोडून नाशिकला सिडकोत घर घेतलं आणि मग अंबडला एका कंपनीच्या गेटवर बारा वर्षं सिक्युरिटीत. त्यांचे सगळे कागद एका काळ्या ट्रंकेत. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव. किल्ली देवघरात गणपतीच्या मागे. आम्ही पोरांनी त्या ट्रंकेला कधी हात लावला नव्हता, लावूही दिला नव्हता, आणि तेराव्यानंतर ती उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा भपकारा आला, मग वर घडी केलेली मफलर, त्याखाली डिस्चार्ज बुक, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद. रबर हात लावताच तुटलं.

पीपीओवर आईचं नाव बाई न लावता. आधारवर बाई, पॅनवर बाई, रेशनकार्डावर बाई, बँकेत बाई. झालं.

हे होतं कसं ते मला आधी कळेचना. फौजेत लग्न झालं, पोरं झाली की त्याची पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डमध्ये त्याची नोंद पडते, आणि पुढे पेन्शनीपर्यंत तेच नाव चालतं. अप्पा लग्नाची सुट्टी संपवून युनिटात गेले, क्लार्कने विचारलं वाइफ का नाम, अप्पांनी सांगितलं ते त्याने लिहिलं. त्यात अप्पा आईला आयुष्यात कधी नावाने हाक मारायचे नाहीत, "अगं ए" नाहीतर "ऐकलं का", त्यामुळे पूर्ण नाव त्यांना तरी किती पाठ असेल देव जाणे!

आमच्या मागच्या लाइनीत सुभेदार काका राहतात, तोफखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, तुमचं फक्त बाईवर निभावलंय, पोरी. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत, त्यामुळे कित्येक जणींचं रेकॉर्डमध्ये माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका. मग सिद्ध करत बसा की नवऱ्याला एकच होती.

आम्ही सुरुवातच चुकीची केली. एका बँकेत गेलो, खिडकीवरच्या माणसाने तीन वेळा तीन वेगळे कागद आणायला सांगितले आणि चौथ्या वेळी म्हणाला हे आमच्याकडे नाहीच. खरंच नाहीये. सैन्याची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन सिस्टिममधून येते, कारभार प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसचा, बँकेत फक्त पैसे जमा होतात. त्यामुळे माणूस गेला की पहिलं काम म्हणजे मृत्यूचा दाखला घेऊन स्पर्शवर कळवणं, स्वतः जमत नसेल तर सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देतात तिथे जाऊन. आणि त्यांच्या खात्यात नंतर आलेल्या पेन्शनीला हात लावायचा नाही, ती वसूल होते. शेजारच्या कॉलनीत एकांनी तीन महिन्यांची काढून दशक्रियेला, कशाकशाला खर्च केली, मग भरत बसले.

काका आईला आणि मला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आले. प्रत्येक जिल्ह्यात असतं हे, पण मला त्रेचाळीस वर्षांत त्याचा पत्ता माहीत नव्हता आणि मी फौजीची मुलगी! तिथे आईचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं, आधारची कॉपी, पीपीओ, मृत्यूचा दाखला कसे जोडायचे ते सांगितलं, फाइल रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथून प्रयागराजला, मग दुरुस्तीचा पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. हा शब्द आईला आता माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणता येतो. काकांचं बरं, तोफखान्याचं रेकॉर्ड इथेच नाशिकरोड कॅम्पात, रिक्षाने जाऊन विचारून येता येतं. आमचे अप्पा पायदळातले, रेकॉर्ड परराज्यात, तिकडे सगळं पोस्टाने आणि ईमेलने. आणि ह्यात मी कुणाला दोष देत नाही, कारण हेच काम अप्पा असताना केलं असतं तर त्यांच्या एका सहीचं होतं. त्यांना मी दोनदा विचारलं होतं. म्हणाले, "सगळं ओके आहे, फौजेचं काम आहे."

पैशाचं पण सांगते, कारण ह्यावर बायका हबकतात. नवऱ्याची होती तेवढीच पेन्शन बायकोला मिळत नाही. जवानाची पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, बायकोची फॅमिली पेन्शन तीस टक्के. माणूस रिटायर झाल्यावर लवकर गेला तर सात वर्षं, किंवा तो सदुसष्टचा झाला असता तिथपर्यंत, ह्यातलं जे आधी येईल तोवर पन्नास टक्क्यांनी मिळते, मग तीसवर येते. अप्पा अडुसष्टाव्या वर्षी गेले, म्हणजे आईला पहिल्या दिवसापासून तीसच. किमान नऊ हजार आणि वर महागाई भत्ता, त्याच्या खाली जात नाही. आणि ऐंशी वर्षं पूर्ण झाली की वीस टक्के वाढते, पंच्याऐंशीला तीस, असं चढत जातं, म्हणून जन्मतारीखसुद्धा नावाइतकीच महत्त्वाची, पण त्याचं शेवटी सांगते.

आमच्या गल्लीत एक ताई आहे, तिचा नवरा नाईक म्हणून रिटायर होऊन आला आणि पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकने गेला. दोन मुलं शाळेत. तिची पेन्शन लागली होती, तिला वाटलं संपलं सगळं. काकांनी विचारलं, आर्मी ग्रुपचा विमा मागितला का? ती म्हणे कसला विमा? तर आर्मी ग्रुप इन्शुरन्समध्ये रिटायर होताना एकदाच रक्कम कापून घेतात आणि त्यावर पुढे बरीच वर्षं विमा चालू राहतो, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. ते तिच्याकडे होतं! लॅमिनेट करून, मुलांच्या शाळेच्या सर्टिफिकेटांबरोबर, शो म्हणून. अप्पांची मुदत संपलेली निघाली, तिची चालू होती. मुलांच्या शिक्षणासाठी पण केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे, हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत, आधी महिना हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दोन हजार. पण आपोआप येत नाही, दर वर्षी निकाल लागला की अर्ज करायचा असतो, आणि ह्या बाईचं एक पूर्ण वर्ष गेलं होतं. मुलगी इंजिनिअरिंगला वगैरे गेली तर पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी, मुलींना महिना तीन हजार, मुलांना अडीच, बारावीला साठ टक्के हवेत.

त्याच सुमारास मुलीच्या लग्नाची मदत पण पन्नास हजारांवरून एक लाख झाली. आणि ज्यांना पेन्शनच नाही, म्हणजे पंधरा वर्षं भरायच्या आत परत आलेले, त्यांच्यासाठी पासष्टीनंतर महिना चार हजार असायचे ते आठ झाले, हवालदारापर्यंतच्या रँकला. आमच्या गावी असे एक आजोबा आहेत, नऊ वर्षं नोकरी करून घरच्या शेतीसाठी आले, चावडीवर सगळे त्यांना मेजर म्हणतात आणि कुणी त्यांना हे सांगितलेलं नाही. त्यांचं डिस्चार्ज बुक शोधतोय आम्ही सध्या, घर दोनदा पडून बांधलंय त्यामुळे कठीण आहे.

दवाखान्याचं काम मात्र चांगलं आहे, हे कबूल करायला हवं. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, आईला देवळालीच्या पॉलिक्लिनिकमधून शुगरच्या, बीपीच्या गोळ्या मिळतात. सिटीलिंकच्या बसने नाशिकरोड, तिथून शेअर रिक्षाने कॅम्प. सकाळी गेली की अर्धा दिवस जातो, पण तिला ते आवडतं, तिथे तिच्यासारख्या पाच-सहा जणी भेटतात, डबा खातात, गोळी 'एनए', म्हणजे शिल्लक नसली की सगळ्या मिळून नाराज होतात. फक्त अप्पांचं कार्ड बंद करून स्वतःचं स्टेटस बदलून घ्यावं लागतं, ते आम्ही विसरलो होतो. आणि मोठं दुखणं निघालं तर पॉलिक्लिनिकचं रेफरल घेऊन यादीतल्या हॉस्पिटलात कॅशलेस होतं. गेल्या साली शहरातल्या अशाच एका हॉस्पिटलने अप्पांच्या वेळी आधी डिपॉझिट भरा म्हणून अडवलं, काकांनी तिथूनच पॉलिक्लिनिकला फोन लावला, मग गप ॲडमिट केलं. इमर्जन्सीत यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर अठ्ठेचाळीस तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिलाचे पैसे परत मिळताना घाम निघतो.

घरपट्टीचं पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, माजी सैनिक किंवा त्याच्या विधवेच्या एका घराची माफ होते, सैनिक कल्याणचा दाखला लागतो. अप्पा दर वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या आठवड्यात जाऊन घरपट्टी भरायचे, सवलत मिळते म्हणून, आणि घरी येऊन पावती दाखवायचे. असो.

आईचा कॉरिजेंडम आला तेव्हा ती शेंगदाणे निवडत होती. थकबाकीसकट पैसे जमा झाल्याचा मेसेज मी वाचून दाखवला तर म्हणाली, "नाव कसं लिहिलंय ते बघ आधी." बाई होतं.

मग पेढे घेऊन काकांकडे गेलो. काकू चहा टाकत होत्या, आणि आईने काकूंकडे बघत आपलं सहज विचारलं, भावजी, ह्यांचे कागद बघितले का तुम्ही? काका म्हणाले, माझं सगळं अपटुडेट आहे, मी लोकांचे करतो. पण उठून फाइल काढली. रेकॉर्डमध्ये काकूंची जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेतल्या मास्तरांनी घातलेली, आपल्याकडे निम्म्या पिढीची आहे ती. आधारवर १ जानेवारी, आणि सालातही दोन वर्षांचा फरक. काका चष्मा काढून पुसून परत बघत बसले. काकू आतून म्हणाल्या, "नाशिकरोडला तर जायचंय, सोमवारी जाऊन या. आणि येताना कॅन्टीनमधून चहापत्ती आणा."