कॅम्पसाइटवर ट्रेलर मागे घेणाऱ्याच्या मदतीला कधी जावे

अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कॅम्पग्राऊंडवर, म्हणजे उघड्यावर मुक्काम करण्याच्या आखून दिलेल्या आवारात, दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत एक काम अखंड चालू असते. नव्याने आलेली मंडळी आपापले ट्रेलर (गाडीमागे ओढायची चाकांवरची घरे) आणि मोटरहोम (स्वतःचे इंजिन असलेली घरे) नेमून दिलेल्या जागेत मागे घेत असतात आणि आधी येऊन स्थिरावलेली मंडळी खुर्च्यांवर बसून ते पाहत असतात. पाहणाऱ्यांपैकी कोणी केव्हा उठावे, उठल्यावर नेमके काय करावे आणि केव्हा जागचे हलू नये, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. आमच्याकडे साधारण पंचवीस फुटांचा ट्रेलर आहे. तो ओढणारी पिकअप बहुतेक वेळा मी चालवते आणि नवरा मागे उभा राहून इशारे देतो. त्यामुळे मदत घेण्याचा आणि मदत देण्याचा, असे दोन्ही अनुभव मला आहेत.

मदत म्हणून काय द्यायचे हे ठरवण्यापूर्वी चालकाचे काम कोठे अवघड होते हे समजून घेणे आवश्यक आहे. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलरचे मागचे टोक उजवीकडे जाते. ज्यांनी शेतात ट्रॅक्टरमागे दोन चाकी ट्रॉली लावून ती गोठ्यापर्यंत मागे नेली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांच्या यात्रांमध्ये ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा भरतात, त्या याच कौशल्याच्या जोरावर. नवशिक्यांना येथे एक सोपी युक्ती शिकवतात. स्टिअरिंग अगदी खालच्या बाजूला धरायचे आणि ट्रेलरचे टोक ज्या दिशेला न्यायचे असेल त्याच दिशेला हात सरकवायचा. युक्ती खरी आहे, पण ती वळणाची केवळ सुरुवात करून देते. ट्रेलर एकदा वळू लागला की स्टिअरिंग उलट फिरवून गाडीला त्याच्या मागोमाग न्यावे लागते, आणि हे करायला उशीर झाला तर गाडी व ट्रेलर यांच्यातला कोन इतका लहान होतो की ट्रेलरचा पुढचा कोपरा पिकअपच्या अंगावर येतो. अशा वेळी मागे जाण्याचा प्रयत्न सोडून पुढे जाऊन सरळ होणे एवढाच मार्ग उरतो. ट्रेलर जितका आखूड तितका तो झटकन वळतो आणि चूक दुरुस्त करायला अवधी कमी मिळतो. म्हणून लहान ट्रेलर मागे घेणे सोपे असेल हा पाहणाऱ्यांचा समज बहुधा उलटा असतो.

जागा कोणत्या बाजूला आहे याने तर फारच फरक पडतो. येथे चालक डावीकडे बसतो. जागा डाव्या हाताला असेल तर खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरची कड, मागचे चाक आणि विजेचा खांब हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. जागा उजव्या हाताला असेल तर ट्रेलर वळू लागताच उजव्या आरशात त्याच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, आणि डाव्या आरशात ज्या बाजूला जायचे नाही ती बाजू दिसते. मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना आणि हलक्या ट्रकना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, पण मागे ट्रेलर जोडला की त्या कॅमेऱ्याला ट्रेलरचा पुढचा भागच दिसतो. शेजाऱ्याला मदत लागेल का, याचा अंदाज घेताना मी सर्वांत आधी ही बाजू पाहते. डावीकडून येणाऱ्याला बहुतेक वेळा कोणाची गरज नसते. उजवीकडून एकट्याने येणाऱ्याला जवळजवळ नेहमीच असते.

या जागा अशा अडचणीच्या का आहेत, याचे उत्तर जुने आणि मला फार आवडणारे आहे. १९२० च्या दशकात मोटारी वाढल्या तेव्हा लोक राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जंगलांत झाडांखाली वाटेल तिथे गाड्या घालत. चाकांनी माती दडपली जाई, मुळांना इजा होई आणि ज्या झाडांसाठी लोक येत ती झाडेच मरू लागली. ई. पी. मायनेके नावाच्या सरकारी सेवेतल्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी आधी कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांवर होणाऱ्या या परिणामाचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये कॅम्पग्राऊंडची आखणी कशी असावी याचे धोरण मांडले. एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, प्रत्येक कुटुंबासाठी रस्त्यापासून फुटलेला एक छोटा फाटा, आणि गाडीने फाटा सोडून झाडांकडे जाऊ नये म्हणून कडेला मोठे धोंडे व ओंडके, अशी ती रचना होती. १९३३ पासून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर या बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या तरुणांनी देशभर अशी कॅम्पग्राऊंड उभारली आणि त्यांतली अनेक आजही वापरात आहेत. ते फाटे त्या काळच्या मोटारी आणि तंबूंच्या मापाचे होते. आज त्यांत मोठाले ट्रेलर येतात. जुन्या भागांत वाहनाच्या लांबीवर मर्यादा असते ती यामुळेच. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राऊंडवर मोटरहोमला ३५ फूट आणि ट्रेलरला २४ फूट ही मर्यादा आहे. ट्रेलरच्या पत्र्यावर ओरखडे काढणारे कोपऱ्यावरचे ते धोंडे झाडे वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेले आहेत, हे कळल्यापासून मला त्यांचा राग येत नाही.

आता मदतीविषयी. चालक मध्येच थांबून खाली उतरतो, मागे जाऊन पाहतो, वर फांद्यांकडे पाहतो आणि पुन्हा जागेवर जाऊन बसतो, हे दृश्य पाहिले की अनेकांना वाटते की याला जमत नाही, आता आपण जावे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. व्यावसायिक ट्रकचालकांना ‘उतरा आणि पाहा’ हाच नियम शिकवला जातो आणि तो पाळणारा चालक आपले काम नीट करत असतो. पुढे जाऊन सरळ होणे, पुन्हा मागे येणे, पुन्हा पुढे जाणे, याला अपयश समजू नये. त्यात थोडा वेळ जातो आणि बाकी काही बिघडत नाही. अशा माणसाला एकटे सोडणे हाच त्याचा मान राखणे आहे. ज्याच्याकडे लक्ष ठेवायला हवे तो वेगळा. तो न उतरता, न थांबता, मागे रांग लागली म्हणून अवघडून वेग वाढवत असतो. त्याला स्टिअरिंगविषयीच्या सूचनांपेक्षा सवड हवी असते. मागच्या गाडीजवळ जाऊन तिच्या चालकाला दोन मिनिटे थांबण्याची विनंती करणे, ही त्या क्षणी करता येण्याजोगी फार मोठी मदत असते आणि ती करताना ट्रेलरच्या जवळपासही फिरकावे लागत नाही.

अशीच दुसरी दुर्लक्षित मदत म्हणजे आपली गाडी हलवणे. ट्रेलर जागेत वळवताना ओढणाऱ्या गाडीचे नाक रस्त्याच्या समोरच्या कडेकडे बरेच झुकते, आणि तिथे आपली पिकअप, मुलांच्या सायकली किंवा खुर्च्या असतील तर त्या माणसाचे निम्मे अंगण आपण अडवलेले असते. मोटरहोमला मधला सांधा नसतो, पण मागच्या चाकांच्या पलीकडे आलेला तिचा भाग वळताना विरुद्ध बाजूला झुकतो, हेही लक्षात ठेवावे. समोर कोणी जागा घेऊ लागले की मी काही न विचारता आमची गाडी आत घेते आणि मुलांना ट्रेलर उभा राहीपर्यंत एका जागी टेबलाशी बसवते.

मदत द्यायचीच असेल तर ती एकदा, गाडी थांबलेली असताना आणि चालकाला दिसेल अशा ठिकाणी उभे राहून विचारावी. चाके फिरत असताना खिडकीशी जाऊन बोलणे धोक्याचे आहे, कारण त्या वेळी चालकाचे लक्ष तीन आरशांत वाटलेले असते. प्रश्नही नेमका असावा: “उजव्या मागच्या कोपऱ्याकडे मी लक्ष ठेवू का?” याला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते. त्यांच्यापैकी कोणी आधीच मागे उभे राहून इशारे देत असेल तर त्या व्यक्तीला विचारावे आणि तिच्याच सांगण्यावरून चालावे, कारण दोन माणसांचे दोन इशारे सुरू झाले की चालकाला कोणाचाही भरवसा उरत नाही. नकार मिळाला तर लगेच परत यावे. जवळच घुटमळत राहिलेला माणूस हा चालकाच्या दृष्टीने आणखी एक अडथळा असतो.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे लिहायची आहे. मी गाडीत बसलेली असताना मदतीला आलेले गृहस्थ कित्येकदा माझ्या नवऱ्याशी बोलू लागतात आणि “मी लावून देऊ का?” असे त्याला विचारतात. हेतू चांगला असतो यात मला शंका नाही, पण स्टिअरिंग ज्याच्या हातात आहे त्यालाच विचारले पाहिजे, कारण ट्रेलर कोठे आदळला तर जबाबदारी त्याची असते. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रिया या कॅम्पग्राऊंडवर आता सर्रास दिसतात; त्यांच्याकडे, विशेषतः अंधारात, जाताना दुरूनच आवाज द्यावा, हातातला दिवा जमिनीकडे ठेवावा आणि शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला सोबत न्यावे.

होकार मिळाल्यानंतरचे काम साधे असले तरी शिस्तीचे आहे. आधी दोघांनी इशारे ठरवून घ्यावेत. निदान थांबण्याचा इशारा तरी ठरलाच पाहिजे. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की थांबायचे, एवढे ठरले तरी बहुतेक नुकसान टळते. आपल्याला चालकाचा चेहरा आरशात दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नसतो, आणि आपण दिसेनासे झालो तर त्याने थांबायचे, हेही आधी बोलून घ्यावे. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हे शब्द शक्यतो टाळावेत, कारण स्टिअरिंग डावीकडे की ट्रेलरचे टोक डावीकडे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. येथील ट्रेलरला दार उजवीकडे असते आणि वीज, पाणी व सांडपाण्याच्या जोडण्या डावीकडे असतात. म्हणून आम्ही ‘दाराकडे’ आणि ‘खांबाकडे’ असे म्हणतो. टोक कोठे न्यायचे आहे ते हाताने दाखवावे आणि स्टिअरिंग किती फिरवायचे ते चालकावर सोपवावे. बहुतेकांची नजर जमिनीवर असते, तेव्हा आपण वर पाहावे, कारण छतावरच्या वातानुकूलन यंत्राला फांदी लागणे हा नेहमीचा अपघात आहे. ट्रेलर आणि झाड किंवा खांब यांच्या मध्ये मात्र कधीही उभे राहू नये. डोंगराळ उद्यानांत फोनला बहुधा रेंज नसते, म्हणून आम्ही परवान्याशिवाय वापरता येणारे छोटे वॉकी-टॉकी ठेवले आहेत. शेजाऱ्याला त्यांतला एक दिला की ओरडावे लागत नाही.

लांब सुटीच्या दिवसांत आपली मराठी कुटुंबे चार-पाच मोटरहोम भाड्याने घेऊन एकत्र येतात, तेव्हा वेगळीच अडचण होते. आपण ज्या रस्त्यांवर वाढलो तिथे गाडी मागे येऊ लागली की ओळखीचा-अनोळखी प्रत्येक जण हात हलवत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणू लागतो. त्या तत्परतेमागची आपुलकी मला आजही मोलाची वाटते. पण आपल्याकडेच एसटीच्या स्थानकात गाडी मागे घेताना एकच वाहक खाली उतरून शिट्टी वाजवतो आणि चालक फक्त त्या शिट्टीवर चालतो. भाड्याची मोटरहोम आयुष्यात पहिल्यांदा चालवणाऱ्या मित्राला हीच पद्धत सोयीची पडते. एकाने वाहक व्हावे आणि बाकीच्यांनी मुले सांभाळावीत.

न विचारता मध्ये पडण्याचा प्रसंग एकच. मूल धावत मागे आले, कुत्रा सुटला, खांब हातभर अंतरावर आला आणि चालक थांबत नाही असे दिसले, तर मोठ्याने ‘स्टॉप’ म्हणून ओरडावे, दोन्ही हात वर करावेत, आणि तो थांबला की का थांबवले ते लगेच सांगावे. विनाकारण थांबावे लागले म्हणून रागावलेला चालक मला अजून भेटलेला नाही. उलट, रात्री शांततेच्या वेळेत उशिरा पोचलेल्यांना ओरडून मार्ग दाखवू नये. दिव्याने कोपरे दाखवावेत, आणि ते थकलेले दिसले तर आज थोडे तिरके उभे राहिले तरी चालेल, सकाळी सरळ करू, असे हळू आवाजात सुचवावे.

ट्रेलर जागेवर उभा राहिल्यावर त्यांना चाकांना ठोकळे लावायचे असतात, पातळी तपासायची असते आणि हिच, म्हणजे गाडी व ट्रेलर यांना जोडणारा सांधा, सोडवायचा असतो, तेव्हा गप्पा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवाव्यात. आपण परत निघण्यापूर्वी एवढेच पाहावे की ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणारी खोली उघडली तर ती टेबलाला किंवा झाडाच्या बुंध्याला लागणार नाही ना, आणि लागणार असेल तर हिच सोडवण्याआधीच त्यांना तसे सांगावे.