खांबाआडचा रनआउट

तो फलंदाज बाद नव्हता. तरी काकांना तो बाद दिसला, आणि तसा मीच दाखवला होता. तीन आठवडे झाले, अजून डोक्यातून जात नाही.

आमचं काम खांब ‘नाहीसा’ करण्याचं. जुन्या स्टँडची छतं खांबांवर उभी असतात, आणि त्यांच्यामागे बसणाऱ्याचा सामना अर्धाच होतो. आमचा खांब 40 सेंटिमीटर रुंद, आसनापासून 2 मीटरवर. एका डोळ्याने पाहिलं तर 100 मीटरवर तो 20 मीटरची पट्टी झाकतो. यष्टीपासून यष्टीपर्यंतचं अंतर 20.12 मीटर. म्हणजे आडव्या बाजूने बघणाऱ्याची जवळजवळ सगळी खेळपट्टीच गेली! पुढच्या माणसाच्या डोक्यावरून नजर किती मिलिमीटर वर जाते याचा हिशेब स्टेडियम बांधणारे पायरीगणिक करतात. तेच लोक नजरेसमोर खांब कसा काय रोवू देतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

युक्ती आमची नाही. 2003मध्ये टोकियो विद्यापीठात सुसुमु ताची यांच्या गटाने आरपार दिसणारा अंगरखा दाखवला होता, तिचंच हे रूप. खांबाला अतिसूक्ष्म काचमण्यांचं कापड गुंडाळायचं. हे कापड प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतं. खांबाच्या मैदानाकडच्या बाजूला कॅमेरा, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर तिरका अर्धपारदर्शक आरसा. प्रोजेक्टरचा प्रकाश त्या आरशावरून खांबाकडे वळतो आणि परतताना थेट डोळ्यात येतो. लोक विचारतात, खांबालाच एलईडी पडदा का नाही लावत? कारण पडदा सगळ्यांना एकच चित्र दाखवतो, आणि ते एक आसन सोडलं तर प्रत्येकासाठी चुकीचं असतं. या कापडावर मात्र शेजारच्या दोन आसनांना आपापलं वेगळं चित्र देता येतं. हे मला आजही सुंदर वाटतं.

आरशात प्रकाश दोनदा निम्मा होतो, उरतो चौथा हिस्सा. भर उन्हातल्या मैदानाशी त्याची चमक जुळवायला आम्हाला दोन महिने लागले. पुढच्या रांगांतली डोकी चित्रात भलतीच मोठी यायची, कारण कॅमेरा त्यांच्या दोन मीटर जवळ असतो. 100 मीटरवरच्या खेळाडूंना तेवढ्याने फरक पडत नाही. म्हणून चित्राचा खालचा भाग कापून टाकला.

चाचणीला त्या आसनावर नेहमी बसणारे एक काका बोलावले होते. एक डोळा आरशाशी, दुसऱ्यावर पट्टी, कारण यंत्र अजून एकाच डोळ्यापुरतं होतं. पहिल्या षटकात ते म्हणाले, “अरे, पिच दिसतंय!” आमच्या टीममधल्या मुलीचे डोळे भरून आले. माझेही.

मग सहाव्या षटकात चोरटी धाव. कव्हरवरून फेक आली, थेट यष्टीवर. काका उसळून ओरडले, “आउट! हातभर बाहेर होता!” पंचांनी नाबाद दिलं. मोठ्या पडद्यावर रीप्ले आला: बॅट स्पष्ट रेषेच्या आत.

काका पंचांवर चिडले. मला मात्र कारण लगेच कळलं, आणि पोटात गोळा आला. चित्राची कड नेमकी यष्टी आणि क्रीज यांच्यामध्ये पडत होती. यष्ट्या ते थेट पाहत होते, फलंदाज आमच्या चित्रात. कॅमेरा सेकंदाला 60 चौकटी घेतो. टिपणं, दुरुस्ती, प्रक्षेपण यांत चार चौकटी जातात, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्यात सेकंदाला सात मीटर धावणारा माणूस जवळजवळ अर्धा मीटर पुढे जातो. बेल्स उडाल्या त्या क्षणी आमचा फलंदाज अर्धा मीटर मागे होता.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खांब आडवा यायचा, पण खोटं कधी बोलला नव्हता.” पट्टी काढली, आरसा बाजूला केला आणि उरलेला सामना डावीकडे झुकून पाहिला.

आमच्या प्रमुखांचं म्हणणं, चौकटी वाढवा, प्रश्न सुटेल. सेकंदाला 240 केल्या तर फरक 12 सेंटिमीटरवर येतो, हे खरं. पण रनआउट त्याहून कमी अंतरात ठरतात. त्यांना माहितीपत्रकात ‘अदृश्य खांब’ असे शब्द हवे आहेत, आणि अशी घाई मला प्रेक्षकांशी अप्रामाणिक वाटते. चित्राच्या कडेला बारीक पांढरी रेघ ठेवावी, म्हणजे कुठपर्यंत डोळा आणि कुठून पुढे कॅमेरा हे बघणाऱ्याला कळेल, असं माझं मत. रेघ ठेवली तर खांब पुन्हा दिसायला लागतो, हा त्यांचा आक्षेपही चुकीचा नाही.

आणि झुकण्याचं काय? डोकं चार बोटं हललं की चित्र जातं, उरतं राखाडी कापड. सामना बघणारा माणूस स्थिर बसत नाही. चेंडू उडाला की त्याच्यामागे मान जाते. त्या मानेचा विचार आम्ही केलाच नव्हता.

पुढच्या चाचणीसाठी काकांना फोन केला. येतो म्हणाले. “पण या वेळी मान वळवायला जागा ठेवा.”