उजव्या गालाजवळ येणारा हात

त्या दुपारी माझ्या दवाखान्याच्या दारात जो कुत्रा उभा राहिला, त्याच्या तोंडावर घट्ट बसलेला कापडी मझल, म्हणजे चावू नये म्हणून घालायची मुसकी, माझ्याच सल्ल्यामुळे आला होता, हे मी आधीच सांगून टाकते.

बारा दिवसांपूर्वी एका तरुणीचा फोन आला होता. घरातल्या ६ वर्षांच्या, २८ किलो वजनाच्या मिश्र जातीच्या कुत्र्याने (त्याला आपण ब्रुनो म्हणू) फिरायला निघताना गळ्यातल्या पट्ट्याला लीश (हातात धरायची दोरी) अडकवणाऱ्या तिच्या वडिलांचा हात चावला होता. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली का, वडील डॉक्टरांकडे जाऊन आले का, ब्रुनोला रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे का, हे मी विचारले आणि तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला. शांत स्वभावाचा कुत्रा एकाएकी चावला की माझ्या मनात पहिली शंका रेबीजची येते. त्यामुळे लस दिलेली असली तरी चाव्यानंतरचे १० दिवस त्याच्यावर नजर ठेवा, आणि त्याच आठवड्यात त्याला दाखवायला आणा, असे मी तिला सांगितले. ‘तोवर मझल आणि लीश वापरा’ एवढे बोलून मी फोन ठेवला. मझल कोणता घ्यायचा, तो कसा सवयीचा करायचा, किती वेळ घालायचा, यातले काहीही मी बोलले नाही. दुसरा रुग्ण टेबलावर होता ही सबब आहे, पण ती सबबच.

त्या आठवड्यात ते आलेच नाहीत. मझल हातात दिसला की ब्रुनो कोपऱ्यात जाऊन दात दाखवायचा, आणि दोनदा त्याला गाडीपर्यंत नेणेही जमले नाही. बाराव्या दिवशी वडिलांनी जाड हातमोजे घालून तो कसाबसा चढवला आणि चाळीस मिनिटांचा प्रवास करून ते पोहोचले. मझल नायलॉनच्या कापडाचा, नळीसारखा होता. आम्ही नखे कापताना दोन-चार मिनिटांसाठी वापरतो, त्या प्रकारचा. त्यात तोंड जवळजवळ मिटलेलेच राहते. कुत्र्याला अंगभर घाम येऊन गारवा मिळत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग असतो आणि या मझलने नेमका तोच बंद केला होता. ब्रुनोच्या ओठांच्या कडेने चिकट लाळ गळत होती, दिसत होता तेवढा जिभेचा शेंडा गडद लाल झाला होता, आणि तो उभा होता तो पाय फाकवून.

मझल ताबडतोब काढणे भाग होते, पण तो काढण्यासाठी पुन्हा कोणाचा तरी हात त्याच्या तोंडापाशी जाणार होता. त्यातच त्याला आणले होते डबीत गुंडाळल्या जाणाऱ्या, बटण दाबून थांबवायच्या लीशवर. चावणाऱ्या कुत्र्यासाठी ही लीश मी दवाखान्यात चालू देत नाही, कारण ऐन वेळी बटण सटकले की चार-पाच मीटर दोरी सुटते आणि ती पकडायला गेलेल्याचा तळवा भाजल्यासारखा सोलून निघतो. मी दवाखान्यातल्या १.८ मीटर लांबीच्या दोन साध्या लीश घेतल्या, एक पट्ट्याच्या मागच्या कडीत आणि दुसरी हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाच्या) पाठीवरच्या कडीत अडकवली, एक भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधली आणि दुसरी माझ्या सहायकाच्या हातात दिली. मग मुलीने मागून, डाव्या बाजूने हात घालून बक्कल सोडले. मझल गळून पडला, सगळे दोन पावले मागे सरलो आणि ब्रुनो फक्त धापा टाकत राहिला. दहा मिनिटांनी त्याने भांडेभर पाणी प्यायले. पिताना त्याची मान डावीकडे कललेली होती, हे मी पाहिले, पण त्या वेळी त्याचा अर्थ लावला नाही.

तो विसावत होता तेवढ्या वेळात मी वडिलांकडून हकिकत काढून घेतली. ‘डॉक्टर, काही सूचना न देता चावला हो,’ असे ते दोनदा म्हणाले. जखम पाहिली तर श्वानवर्तनाचे तज्ज्ञ इयान डनबर यांच्या, चाव्याची तीव्रता मोजणाऱ्या ६ पातळ्यांच्या मोजपट्टीवर ती तिसऱ्या पातळीची होती, म्हणजे एकाच चाव्यातली एक ते चार छिद्रे, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी खोल. एवढा जबडा असलेल्या कुत्र्याने बराच जोर आवरून धरला होता. सूचनेबद्दल विचारताना असे निघाले की दीड महिन्यापूर्वी पट्टा घालताना तो दोन-तीन वेळा गुरगुरला होता आणि प्रत्येक वेळी त्याला जोरात दरडावले गेले होते, त्यानंतर गुरगुरणे बंद झाले. घरच्यांना वाटले, सुधारला. मुलीच्या मोबाइलमध्ये त्या काळातले एक चित्रीकरण होते; त्यात वडिलांचा हात उजव्या बाजूने येताच ब्रुनो ओठ चाटतो, तोंड फिरवतो आणि मग क्षणभर दगडासारखा थिजतो, हे स्पष्ट दिसत होते. सूचना होत्या, फक्त त्यांतला ऐकू येणारा भाग घरच्यांनीच बंद करून टाकला होता.

तपासल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते आणि मझल नसताना तपासता येत नव्हते. माझ्याकडे टोपलीसारखे, रबरी जाळीचे मझल वेगवेगळ्या मापांत असतात. त्यात कुत्र्याला तोंड उघडता येते, धापा टाकता येतात, पाणी पिता येते, जाळीतून खाऊही घेता येतो. मात्र त्यासाठी मुस्कटाचा घेर तोंड उघडलेले धरून मोजावा लागतो, मिटलेल्या तोंडावर मोजलेला मझल नंतर कापडी नळीसारखाच आवळतो. मी सैलसर मापाचा एक काढला, त्याच्या तळाशी कुत्र्याचे मऊ डबाबंद अन्न लावले आणि मुलीला तो नुसता हातात धरून बसायला सांगितले, त्याच्या तोंडाकडे न्यायचे नाही असे बजावून. खरे तर या सरावाला काही दिवस द्यायचे असतात, कधी काही आठवडे. मला अपेक्षा नव्हती, पण अर्ध्या तासात ब्रुनोने स्वतःहून आत तोंड घातले आणि तो चाटत राहिला. चौथ्या खेपेला मुलीने कानांमागचे बक्कल लावले तरी त्याने तोंड मागे घेतले नाही.

तिथे मला थांबून विचार करावा लागला. मझलचाच राग असता तर त्याने हाही नाकारला असता. दोन्हींतला फरक एवढाच होता की कापडी मझल गालांवर दाब देत होता आणि टोपलीची जाळी गालांना लागत नव्हती. पट्टा उजव्या बाजूने घातला जायचा, हात उजव्या बाजूने यायचा, पाणी पिताना मान डावीकडे कलत होती. मी मुलीला विचारले की तो हल्ली एकाच बाजूने चावून खातो का, तेव्हा ती म्हणाली की सुके अन्न त्याच्या तोंडातून खाली पडते खरे, पण तो पुन्हा उचलून खातो, भूक काही कमी झालेली नाही.

टोपलीचा मझल आणि दोन्ही लीश तशाच ठेवून मागच्या मांडीच्या स्नायूत शांत करणारे इंजेक्शन दिले. तो आडवा झाल्यावर ताप पाहिला, तर सावलीत पाऊण तास जाऊनही तो ३९.५ अंश सेल्सिअस होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ असते. मग मझल काढून उजवा ओठ वर केला. वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी, मांस कातरणारी दाढ उभी चिरली होती. तिचा बाहेरचा कपचा हिरडीच्या आधारावर हलत होता, त्याखाली दाताच्या आतली मऊ, नसांची मज्जा उघडी पडली होती आणि हिरडी सुजून दुखरी लाल झाली होती. हाडे, खूर, शिंगे असल्या अतिकठीण वस्तू चघळणाऱ्या कुत्र्यांत ही दाढ अशी फुटलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. कुत्रा त्याही अवस्थेत खात राहतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. कापडी मझलचा काठ मी त्याच्या गालावर धरून पाहिला. तो बरोबर त्या दाढेवर येत होता. बारा दिवस हे लोक माझ्या सांगण्यावरून ठणकणाऱ्या दातावर दाब देत होते, आणि कुत्रा दिवसेंदिवस हिंसक होत चालला आहे असे मला फोनवर कळवत होते.

वडिलांना मी हे तसेच सांगितले. ते रागावले नाहीत; ते बराच वेळ हातातल्या कापडी मझलकडे पाहत राहिले, आणि मला ते रागावले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन क्ष-किरण तपासणी केली आणि दाढ काढली. तिला तीन मुळे असतात, म्हणून आधी तिचे तीन तुकडे करावे लागतात. वेदनाशामक औषध कुत्र्यांसाठीचे आणि वजनावर मोजलेले दिले, आणि माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कधीही परस्पर देऊ नका, हे कागदावर लिहून दिले. या वेळी सगळेच कागदावर लिहून दिले.

दाढ निघाली म्हणून तोंडाकडे येणाऱ्या हाताची धास्ती त्याच दिवशी निघून जाणार नव्हती. पुढच्या सहा आठवड्यांत पट्टा, लीश आणि मझल यांची सगळी मांडणी आम्ही नव्याने केली. लीश मानेच्या पट्ट्याला लावणे थांबवून ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत लावायची ठरले, म्हणजे कोणाचाच हात गालाजवळ जाणार नाही. घरात कोणी लक्ष द्यायला असेल तेवढाच वेळ त्याच कडीला दोन मीटरची हलकी, मुठीचा फास कापून टाकलेली दोरी लोंबती ठेवायची. फास नसल्याने ती खुर्चीच्या पायात अडकत नाही आणि कुत्र्याला हलवायचे झाले तर त्याच्या अंगाला हात न लावता दोरीचे टोक उचलता येते. पाहुणे आले की तो जाळीच्या फाटकापलीकडे, शिवाय मझलमध्ये, अशी दुहेरी व्यवस्था असे, कारण यांतली एक गोष्ट कधी ना कधी कोणीतरी विसरतोच. बाहेर लीश हाताला गुंडाळायची नाही आणि तिला थोडे पोट राहील इतकी सैल धरायची, हे वडिलांना सर्वांत जड गेले. समोर दुसरा कुत्रा दिसला की त्यांचा हात आपोआप ओढला जाई, लीश ताणली की ब्रुनो ताठ होई, आणि तो ताठ झाला की वडील आणखी ओढत. त्यांना मी ओढण्याऐवजी वळून अंतर वाढवायला शिकवले. कोणीतरी त्यांना काटेरी पट्टा सुचवला होता. दुखण्यामुळे चावू लागलेल्या कुत्र्याच्या मानेत आणखी एक दुखणे अडकवायला मी स्पष्ट नकार दिला.

टोपलीचा मझल मात्र रोजचा झाला. घरी पहिले पाच दिवस तो नुसता खाऊचे भांडे होता, मग कानांमागे पट्टीचा स्पर्श, मग क्षणभर बक्कल, आणि तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांची फेरी. काहीच घडणार नाही अशा वेळीही तो घालायचा, नाहीतर मझल म्हणजे पाहुणे किंवा दवाखाना हे कुत्रा चार दिवसांत ओळखतो. मझल घातलेल्या कुत्र्याला एकटे सोडायचे नाही, हेही कागदावर होते. वडिलांना त्याची लाज वाटत असे. रस्त्यावर लोक बाजूला होतात, मुलांना जवळ ओढतात, असे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा मी म्हटले की तुम्हाला जे अंतर हवे आहे ते लोक आपण होऊन देत आहेत, घ्या. ते पटल्यासारखे हसले, पण पटले नसावे.

सहाव्या आठवड्यात ते हिरडी दाखवायला आले. वडिलांनी मझल पुढे धरला आणि ब्रुनोने शेपूट हलवत त्यात तोंड घातले. हा आता टाकून द्यायचा का, असे त्यांनी विचारले आणि मी नाही म्हटले. मग मी जाळीच्या बाहेरून त्याच्या उजव्या गालाकडे हात नेला. त्याने एकदा ओठ चाटले आणि मान वळवली. मी हात मागे घेतला, डाव्या बाजूला जाऊन बसले, आणि वडिलांना पुढच्या मंगळवारी यायला सांगितले.