जंजिऱ्यातलं गोडं पाणी

रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, अलिबागसमोरच्या पाण्यातल्या किल्ल्यावरनं. मला ते जुनंच नाव पटतं. हा जिल्हा समुद्राकडनं बघितल्याशिवाय कळत नाही. उत्तरेला घारापुरी, मग खांदेरी-उंदेरी, कुलाबा, आणि खाली मुरूडला पद्मदुर्ग अन् जंजिरा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली, तर जंजिऱ्याचा हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकी, सरदार सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला. एकेका खडकासाठी एवढी चढाओढ.

अलिबागला जेवण उत्तम, गर्दी असह्य. तिथनं मुरूड गाठलं.

राजापुरीहून शिडाच्या होडीनं निघालो. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताच सगळे कलालबांगडी तोफेकडं पळाले. आई मात्र तलावाच्या काठावर थांबली, ती हलेचना. तिनं तिथल्या एकाला विचारलं,

"दादा, हे पाणी गोडं हाय का हो?"

"गोडंच आई. असे दोन तलाव आहेत किल्ल्यात."

आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आम्ही प्यायलोय. टँकरसाठी रात्री जागलेल्या बाईला चहूबाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचा भरलेला तलाव दिसल्यावर काय वाटलं असेल, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. तिनं काठावरच्या दगडाला हात लावून नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हा किल्ला शेवटपर्यंत कुणाला जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी तर समुद्रात भर घालून वाट करायला घेतली होती. किल्ला न पडल्याचं श्रेय तोफांना देतात, तटाला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय या तलावांचं. आतल्या माणसाला तहानेनं शरण आणताच येत नव्हतं.

जंजिरा आधी अहमदनगरच्या निजामशाहीचा. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, तोही सिद्दीसारखा हबशीच. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. त्याची कबर खुलताबादला आहे. आमच्या मराठवाड्यातली माणसं खुलताबादवरनं वेरूळला जातात, पण त्या कबरीपाशी फार थोडे थांबतात. ज्यानं पाणी दिलं त्याला आपण तरी विसरायला नको होतं.

सह्याद्रीनं ढग अडवले की इकडं कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पलीकडं आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून तर पाणी साठवायची अक्कल आम्हालाच जास्त हवी.

एक तक्रार आहे. होडीवाले फार घाई करतात. पाऊण तासात एवढा किल्ला कसा बघायचा? आईला तलावावरनं अक्षरशः उठवून आणावं लागलं, आणि दुसरा तलाव बघायचा राहिला तो राहिलाच. कुणी जाणार असाल तर होडीत बसायच्या आधीच वेळ ठरवून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.