धामापूरच्या तळ्याकाठी

रविवार, रात्री उशिरा

आज भाचीला घेऊन सिंधुदुर्गातल्या धामापूरला गेलो होतो. गेले चार दिवस तिच्या तोंडी फक्त नेसी. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यातलं ते लांब मानेचं जनावर. भगवतीचं दर्शन झाल्या झाल्या पायऱ्यांवर बसकण मारून विचारते, "मामा, आपल्या तळ्यात काय आहे?"

मला आजी आठवली. "झिला, काळोखाक तळ्याकडे जाव नको. गिऱ्हो नावान हाक मारता." गिऱ्हो म्हणजे पाण्यातलं भूत. आमच्याकडे तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही, असा शिरस्ताच होता. तेही सांगितलं आणि दागिन्यांची गोष्टही सांगितली: लग्नकार्य निघालं की काठावर फुलांची परडी ठेवायची, सकाळी त्यात दागिने. मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने हात आखडता घेतला.

नेसीचं तिला सगळं खरं सांगितलं. १९३४ साली छापून आलेला तो प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान, हे १९९४ मध्ये उघड झालं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी तळ्याचं पाणी ठिकठिकाणाहून घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल मात्र भरपूर. म्हणजे आपल्या वामेच्या भावकीतले. तरी लोक जातात आणि काठावर तासन्‌तास बसतात. मला त्यांचं मन कळतं. २३० मीटर खोल पाणी, त्यात पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, माती मिसळून कोऱ्या चहासारखं झालेलं. थोडं खोल गेलं की काही दिसेनासं होतं. अशा पाण्यापुढे बसलेल्या माणसाला डीएनएचा अहवाल पुरत नाही. मलाही पुरला नसता.

आपलं तळं १५३० सालचं, माणसांनी बांध घालून केलेलं. पण ऊन उतरलं, पलीकडच्या झाडीची सावली पाण्यात आली, की त्याचाही तळ हरवतो.

तेवढ्यात तिने माझं मनगट घट्ट धरलं. मधोमध पाणी चिरत एक रेघ येत होती. तिच्या टोकाला काळी, सापासारखी मान. अंग कुठेच नाही. माझ्याही पोटात गोळा आला. चाळीशी उलटली तरी आला, आणि आला याचं फार बरं वाटलं. मान वळली, चोच दिसली. तिरंदाज पक्षी. अंग पाण्याखाली ठेवून नुसती मान वर काढून पोहतो तो. पुढच्या क्षणी बुडालाच.

"पक्षी होता," मी म्हटलं.

"हो. पण आता तो खाली काय बघत असेल?"

आम्ही तो वर येण्याची वाट बघत बसलो. अंधारून आलं. मागून बांधावरून ताईने तिला नावाने हाक मारली. पोर उठली नाही. आधी पाण्याकडे पाहिलं आणि बोटांवर मोजलं, एक.