गॅरेथ थॉमस उपक्रम: 'स्टार वन' ओलांडलं

'ब्लेक्स सेव्हन' या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेचा दुसरा सीझन बघून झाला, 'स्टार वन' हा त्याचा शेवटचा भाग. तिसऱ्यात ब्लेक, म्हणजे गॅरेथ थॉमस, जवळजवळ नाहीच, तेव्हा पुढे जाण्याआधी आतापर्यंतच्या नोंदी नीट लावून घेतो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गॅरेथ थॉमस (1945-2016) या वेल्श नटाची सायन्स फिक्शनमधली टीव्हीवरची कामं मी शक्यतो प्रक्षेपणाच्या क्रमाने बघतोय. 'टॉर्चवुड' मात्र मध्येच उरकलं, कारण ते हाताशी होतं. पुढे शेवट फोडलेले आहेत. चाळीस वर्षांहून जुन्या मालिकेबद्दल त्यावरून कुणी रागावणार नाही असं धरून चालतो.

सुरुवात 'स्टार मेडन्स'पासून (1976). ब्रिटन आणि जर्मनी यांची मिळून केलेली तेरा भागांची मालिका. मेड्युसा नावाच्या ग्रहावर बायकांचं राज्य आणि पुरुष नोकर. त्यातले दोघं पळून पृथ्वीवर येतात, एक पिएर ब्रिस आणि दुसरा आपला थॉमस, शेम नावाचा. विनोद शिळा, सेट मात्र चकाचक. थॉमस सगळं मन लावून करतो, पण करण्यासारखं फार काही नाही. पुन्हा बघणार नाही.

'चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स' (1977) ही वेगळीच चीज आहे. एचटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने मुलांसाठी केलेली सात भागांची मालिका. विल्टशरमधल्या एव्हबरी गावात, तिथल्या खऱ्याखुऱ्या प्राचीन शिळावर्तुळात चित्रित केलेली. मालिकेत गावाचं नाव मिलबरी. ॲडम ब्रेक हा खगोलभौतिकीचा अभ्यासक शाळकरी मुलाला घेऊन तिथे संशोधनाला येतो. गावकरी भेटतील तिथे हसून 'हॅपी डे' म्हणतात आणि दोन भागांत त्या हसण्याची भीती वाटायला लागते. समोर गावचा मालक हेन्ड्रिक म्हणून इयन कथबर्टसन, म्हणजे तगडा गडी. थॉमसने बाप छान उभा केलाय. मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, त्याचं म्हणणं हसण्यावारी नेत नाही. शास्त्रज्ञ दाखवायचा म्हणून चष्मा पुसणं वगैरे नेहमीच्या खुणा नाहीत. समोरचा बोलत असताना तो ऐकतो, एवढंच. टीव्हीवर खरोखर ऐकणारे नट फार कमी. पार्श्वसंगीतातला तो माणसांच्या आवाजांचा कोरस रात्री एकट्याने ऐकू नये, असं माझं मत.

आता मुख्य जेवण. 'ब्लेक्स सेव्हन' 2 जानेवारी 1978 ला बीबीसी वनवर सुरू झाली आणि 21 डिसेंबर 1981 ला संपली. चार सीझन, तेरा-तेरा भाग, एकूण 52. कर्ता टेरी नेशन, मूळचा कार्डिफचा, 'डॉक्टर हू'मधल्या डालेक या खलपात्रांचा जनक. पहिला सीझन त्याने एकट्याने लिहिला. पैशांची ओढाताण पडद्यावर दिसते: त्याच त्या खाणी, तेच ते कारखाने, पुठ्ठ्याच्या भिंती. त्यावर हसणारे बरेच आहेत. त्यांनी पहिला भाग, 'द वे बॅक', बघावा.

घुमटाखालच्या शहरात औषधं घालून गुंगवलेली जनता. ब्लेक त्यांच्यातलाच एक. तो कधीकाळी बंडखोरांचा पुढारी होता आणि ती आठवणच त्याच्या डोक्यातून पुसली आहे, हे त्याला दुसऱ्यांकडून कळतं. ते सांगणारे सगळे त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. सरकार, म्हणजे फेडरेशन, त्याला मारत नाही, कारण हुतात्मा नको. त्याऐवजी मुलांवरच्या अत्याचाराचे खोटे आरोप ठेवून खटला भरतं. संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर असताना हे दाखवलं! खटल्यात थॉमस आरडाओरडा करत नाही. आरोप वाचले जात असताना चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग घृणा, आणि मग काही क्षण चक्क शंका: माझी स्मृती यांनी एकदा पुसली आहे, मग मी काय काय केलं असेल कुणास ठाऊक. ती शंका मला या खेपेला पहिल्यांदा दिसली. शेवटी कैद्यांच्या जहाजावरून मागे पडणारी पृथ्वी. शिपाई म्हणतो, बघून घे, पुन्हा दिसायची नाही. ब्लेक म्हणतो, मी परत येणार. हे वाक्य टाळ्यांसाठी फेकता आलं असतं. तो ते फेकत नाही, स्वतःलाच बजावल्यासारखं खालच्या पट्टीत म्हणतो.

आपल्याकडच्या बहुतेक चाहत्यांसारखा मीही एव्हनच्या, म्हणजे ब्लेकच्या टोळीतल्या साथीदाराच्या, पक्षातला. पॉल डॅरोचे ते तिरकस टोमणे, ती चामड्याची जाकिटं! त्याच्यापुढे फुगीर बाह्यांचा ब्लेक म्हणजे सरळमार्गी नायक, असा समज पक्का होता. क्रमाने बघताना तो पार मोडला. थॉमस नायक साकारतच नाहीये. आपलं बरोबर आहे यावर ज्याचा विश्वास दर भागागणिक धोकादायक होत जातो, असा माणूस तो साकारतोय.

दुसऱ्या सीझनमधला 'प्रेशर पॉइंट' घ्या. फेडरेशनचं मुख्य नियंत्रण केंद्र उडवायचं म्हणून ब्लेक साथीदारांना पृथ्वीवर खेचून नेतो. अडथळे पार करत त्या दारापर्यंत पोचतो, हर्षवायू झाल्यासारखा आत धावतो, आणि खोली रिकामी. यंत्र नाही, काही नाही. केंद्र कधीच दुसरीकडे हललंय. त्या मोकळ्या खोलीत थॉमस नुसता उभा राहतो आणि चेहऱ्यावरचा आनंद विझायला नको तितका वेळ घेतो. मग परतताना इतरांना निसटता यावं म्हणून दार धरून ठेवलेला साथीदार गॅन जिवानिशी जातो. त्या रिकाम्या खोलीपायी.

तिथून 'स्टार वन'. हे ते खरं केंद्र, अनेक ग्रहांचं हवामानसुद्धा त्याच्या ताब्यात. ते उडवलं तर असंख्य माणसं मरणार. टोळीतली कॅली विचारते, आपण माथेफिरू आहोत का? ब्लेकच्या उत्तराचा मथितार्थ असा की आता थांबलो तर आतापर्यंतची हत्या निरर्थक ठरेल, मला जिंकलंच पाहिजे, तरच मी बरोबर होतो याची मला खात्री पटेल. लेखन ख्रिस बाउचरचं. थॉमस हे समजावणीच्या सुरात, जवळजवळ मायेने बोलतो, आणि म्हणूनच अंगावर येतं. ओरडला असता तर खलनायक झाला असता, आणि आपण सुटलो असतो.

यानंतर त्याने मालिका सोडली आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. मूळचा नाटकवाला, 'राडा' (RADA) या लंडनच्या नाट्यशाळेत शिकलेला. आधी 'स्टॉकर्स कॉपर' (1972) या टीव्ही-नाटकासाठी बाफ्टा या ब्रिटिश पुरस्काराचं नामांकनही मिळालेलं. त्यात तो कॉर्नवॉलचा संप मोडायला आणलेला वेल्श पोलीस आहे. सायन्स फिक्शन नव्हे, तरी शोधून बघा.

पुढे तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात, 'टर्मिनल'मध्ये, थोडासा दिसतो, आणि मग मालिकेचा शेवटचा भाग, ज्याचं नावच 'ब्लेक'. परत येण्यासाठी त्याची अट होती: ब्लेकला असं मारा की पुन्हा बोलावताच येऊ नये. गाउडा प्राइम या ग्रहावर तो बक्षिसासाठी माणसं पकडणारा झालाय, एका डोळ्यावर मोठा व्रण, कुणावर भरवसा म्हणून नाही. एव्हन विचारतो, तू आम्हाला विकलंस का? ब्लेक खुलासा करायला पुढे सरकतो आणि एव्हन गोळ्या झाडतो. आजवर मी या प्रसंगात डॅरोलाच बघत आलो. या वेळी थॉमसकडे बघा. गोळ्या खाऊनही तो पुढेच येतो, एव्हनचे दंड धरतो, त्याचं नाव घेतो. तक्रार नाही, चेहऱ्यावर फक्त नवल.

'टॉर्चवुड'चा 'घोस्ट मशीन' (2006) हा भाग कार्डिफमध्ये घडतो. थॉमस म्हातारा एड मॉर्गन. 1963 मध्ये त्याने एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून केलाय आणि इतकी वर्षं उजळ माथ्याने राहिलाय. मुळीच मोठी भूमिका नाही. पण दारात उभा राहून तो ज्या घाबऱ्या उर्मटपणाने बोलतो, त्यात ब्लेकचा मागमूस नाही. आवाज तोच, भार वेगळा.

राहिलंय काय? 'नाइट्स ऑफ गॉड' (1987) ही मोठी अडचण. 2020 सालच्या ब्रिटनवर धर्मांध राजवट, आणि थॉमस वेल्श प्रतिकाराचा म्होरक्या ओवेन एडवर्ड्स, म्हणजे पुन्हा बंडखोर. 'डॉक्टर हू'मधला दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटनही त्यात आहे. तेरा भाग, पण वर्षानुवर्षं ना कॅसेट निघाली ना डिस्क. कुणाकडे बघण्याजोगी प्रत असेल तर कळवा. तोवर बिग फिनिश या ऑडिओ-नाटकं काढणाऱ्या कंपनीची 'डालेक एम्पायर' ही ऑडिओ मालिका ऐकायला घेतली आहे. त्यात तो कॅलेन्डॉर्फ, डालेकांविरुद्ध लढणारा योद्धा. पहिला भाग अर्धा झालाय आणि नुसत्या आवाजावरही माणूस उभा राहतोय. तिसरा सीझन त्यानंतर. त्यात तो फारसा नसला तरी वगळणार नाही. ब्लेक नसताना बाकीचे कसे वागतात ते बघायचंय.